बाबांना समुद्र दाखवायचाय, पण चाकं वाळूत रुततात

पत्र : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. गोव्यात साखळीला मराठी शाळेत शिक्षक होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू अजून कमजोर आहे. घरात चार पायांच्या काठीने चालतात, बाहेर व्हीलचेअर लागते. त्यांचं आजोळ पेडण्यातल्या केरीचं, त्यामुळे समुद्र म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गेल्या नाताळात आम्ही त्यांना एका गजबजलेल्या किनाऱ्यावर नेलं. दहा पावलांत चाकं रुतली. ओढाताण झाली, लोक जमले, एकाने मोबाइलवर व्हिडिओसुद्धा काढला. बाबा तोंड फिरवून बसले. आता विषय काढला की म्हणतात, "मला नको तो समुद्र." भाऊ म्हणतात, चौघं मिळून खुर्चीसकट उचलून नेऊ, त्यात काय एवढं! मला त्यांना एखाद्या शांत, गावातल्या किनाऱ्यावर न्यायचंय. कुठला किनारा बरा? की आता हा नाद सोडून द्यावा?
— एक लेक, साखळी

ताई, नाद सोडू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या व्हिडिओपाशी अडखळले. ज्या माणसाने आयुष्यभर वर्गात उभं राहून मुलांना शिकवलं, त्याला चार अनोळखी माणसांसमोर रुतलेल्या खुर्चीत बसून राहावं लागलं. तुमच्या बाबांना समुद्र नकोसा झालाय असं मला वाटत नाही. त्यांना तो दिवस पुन्हा नकोय. म्हणून सगळी तयारी तो दिवस पुन्हा येऊ नये याच बेताने करायची.

कुठला किनारा, हे तुम्ही पहिलं विचारलंत. मी ते थोडं मागे ठेवते, कारण किनारा कितीही सुंदर आणि निवांत असला तरी सगळं अडतं ते एकाच पट्ट्यात. गाडीचं दार उघडलं तिथपासून ओल्या वाळूपर्यंत. फार तर पन्नास-साठ पावलं. त्या पट्ट्यात वाळू कोरडी, भुसभुशीत असते आणि खुर्चीची पुढची दोन छोटी चाकं त्यात सुरीसारखी घुसतात. एकदा का ओल्या वाळूवर पोचलात की जमीन सारवलेल्या अंगणासारखी घट्ट लागते आणि तीच खुर्ची एका हाताने ढकलता येते. बाबांची काठीसुद्धा तिथे चारही पायांवर सपाट बसते. कोरड्या वाळूत मात्र एक पाय खाली जातो, काठी कलते, आणि ज्याची डावी बाजू साथ देत नाही तो माणूस काठीबरोबर कलतो. म्हणून कोरड्या वाळूत त्यांना चालवायचा प्रयत्न अजिबात करू नका, ते स्वतः हट्ट धरतील तरीही.

ही पन्नास पावलं कमी कशी करायची? भरती-ओहोटी बघून.

बाबा केरीच्या आजोळी वाढले असतील तर कोकणातला जुना हिशेब त्यांना तोंडपाठ असेल. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी सर्वात मागे गेलेलं असतं. त्यातून उधाणाचे दिवस, म्हणून भरतीला ते नेहमीपेक्षा वर चढून कोरडी वाळू भिजवतं, ओहोटीला जास्तच मागे जातं आणि घट्ट वाळूचा पट्टा रुंद मिळतो. ऊन उतरलेलं, सूर्य कलत आलेला, आणि समोर अंगणाएवढी ओली वाळू. मला तर बाबांसाठी याहून चांगली वेळ सुचत नाही. हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून नेमक्या दिवसासाठी मुरगाव बंदराचा भरतीचा तक्ता मोबाइलवर बघा. त्यात ओहोटीपुढे मीटरमध्ये आकडा असतो. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. आकडा जितका लहान, तितकी वाळू जास्त उघडी.

पण हा हिशेब तुम्ही करू नका. बाबांना करायला सांगा. पंचांग त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "बाबा, माघ पौर्णिमेला केरीला पाणी किती वाजता उतरेल?" शिक्षकाला प्रश्न विचारला की तो उत्तर देतोच. सहलीला न्यायचं सामान म्हणून नव्हे, सहल ठरवणारा माणूस म्हणून ते निघाले पाहिजेत.

महिना माघ किंवा फाल्गुनाची सुरुवात. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, दिवाळीपर्यंत किनारे अरुंद आणि उताराचे राहतात. मग हळूहळू वाळू परत भरते आणि जानेवारी-फेब्रुवारीत किनारा छान पसरट होतो. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा तर गोव्यात किनाऱ्याकडे फिरकूच नका. चैत्राची वाट बघू नका, तेव्हा वाळू तापते. बाबांच्या डाव्या पायाला चटका कळत नसेल तर फोड आल्यावरच समजेल. त्यासाठी, आणि शिंपल्यांच्या धारेसाठी, पायात मागून पट्टा असलेली बंद सँडल हवी, चपला नकोत.

आता किनारा.

मन केरीला ओढ घेणार. (पेडण्यातल्या केरीला. तुम्ही साखळीच्या, त्यामुळे गाडीवाल्याला सांगताना सत्तरीतली केरी नव्हे हे बजावून सांगा.) सुरूच्या बनाची सावली आहे, माणसं कमी आहेत, तेरेखोल नदी तिथेच समुद्राला मिळते. पण केरीचा किनारा गेली अनेक वर्षं समुद्र खातो आहे. सुरूची झाडं मुळासकट कोसळली आहेत, आणि धूप थांबवायला घातलेले मोठमोठे दगड काही भागात झाडी आणि वाळू यांच्यामध्ये आहेत. त्या दगडांवरून खुर्ची उतरवणं म्हणजे पुन्हा उचलाउचल. म्हणून माझा सल्ला असा, की केरीला जा, पण ते आजोळ बघायला. सुरूच्या सावलीत खुर्ची लावा, समुद्र समोर दिसतो, वारा अंगावर येतो. आणि केरीहून तेरेखोलला जाणारी फेरीबोट चालू असेल तर गाडी तिच्यावर चढवा. बाबांना गाडीतून उतरायचीसुद्धा गरज नाही. काच खाली करायची, बस. उजव्या हाताने दाराची कड धरून ते नदीचं मुख बघू शकतील, लहानपणी बघितलं असेल तसंच. फेरी चालू आहे ना, हे निघण्याआधी गावातल्या कुणाला तरी विचारा.

पाण्यात पाय बुडवायचे असतील तर मी मोरजी निवडीन. साखळीहून म्हापसामार्गे जाता येतं आणि ओहोटीला किनारा रुंद, सपाट मिळतो. शापोरा नदीच्या मुखाकडचा टेंबवाड्याचा भाग त्यातल्या त्यात निवांत. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून हंगामात घरट्यांभोवती कुंपण घातलेलं असतं. तिकडे जायचं नाही, आणि अंधार पडल्यावर वाळूवर बॅटऱ्या पाडायच्या नाहीत. सूर्य बुडाला की निघायचं, हे बाबांसाठीही चांगलं. शेजारच्या मांद्र्याचं नाव कुणी सुचवेल, किनारा देखणाही आहे, पण रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये बऱ्याच ठिकाणी ओहोळ येतो आणि तो अरुंद पुलांवरून ओलांडावा लागतो. तुमच्यासाठी नको.

दक्षिणेतले, काणकोण तालुक्यातले किनारे मोहात पाडतात. गालजीबागला सुरूचं बन आणि मोजकी माणसं, आगोंदची वाळू अप्रतिम. पण साखळीहून काणकोण म्हणजे जाताना तीन तास आणि येताना तेवढेच, आणि तिथे काठाचा उतारही जास्त. झटक्यानंतर इतका वेळ एका जागी बसणं त्रासाचं असतं. पहिली फेरी जमली की पुढच्या वर्षी काणकोणला एक रात्र राहायचा बेत करा. काब द रामच्या आसपासचे पायऱ्यांचे किनारे मात्र कायमचे यादीतून काढून टाका, फोटोत कितीही सुंदर दिसोत.

"गाडीच सरळ वाळूवर नेऊ या" असं कुणीतरी म्हणेलच. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, दंड होतो. आणि वाळूत गाडी रुतली की पुन्हा गर्दी, पुन्हा मोबाइल.

बाबांना नेण्याआधी तुम्ही आणि एक भाऊ जाऊन या, त्याच तिथीच्या आसपास, त्याच वेळेला. गाडी कुठपर्यंत जाते? तिथून ओली वाळू किती पावलं? मध्ये पायरी, पायवाटेचा बांध, दोर, होड्या? जिथून मच्छीमार होड्या ओढतात ती वाट बहुधा दाबलेली, घट्ट असते. पण ती त्यांच्या कामाची वाट आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणं, चालू असेल तर थांबा, आणि जाण्याआधी विचारा. शांत किनाऱ्याची ही दुसरी बाजू लक्षात ठेवा. गर्दी नाही म्हणजे मदतीलाही कुणी नाही. धडधाकट तिघं तरी बरोबर हवेत, एकाच्या मोबाइलला तिथे रेंज आहे का ते पाहणीच्या दिवशीच बघा, आणि १०८ ला कुठली खूण सांगायची तेही ठरवून ठेवा. जीवरक्षक असतील तर आधी त्यांना भेटा. कुठे खळगा आहे आणि कुठे पाणी ओढतं, हे त्यांना रोजचं ठाऊक असतं.

कोरड्या पट्ट्यासाठी काथ्याची लांब चटई आणा, सभागृहात अंथरतात तसली, खुर्चीपेक्षा वीतभर तरी रुंद. दोन तुकडे पुरतात. एकावरून खुर्ची पुढे गेली की मागचा उचलून पुढे टाकायचा. भावांकडे टेम्पो असेल तर सहा बाय तीनचे प्लायवुडचे दोन-तीन तुकडे त्याहून बरे. आणि जिथे चटई नाही तिथे खुर्ची कधी पुढे ढकलू नका. उलटी फिरवा, पाठीमागे जराशी कलती धरा आणि मागे मागे ओढत न्या. मोठी चाकं वाळू चढतात, छोटी अधांतरी राहतात. ओढण्याआधी बाबांना सांगा, "बाबा, आता खुर्ची मागे कलवते आहे." न सांगता कलवलेल्या खुर्चीत माणसाचा जीव घशाशी येतो. घरच्या अंगणात दोनदा सराव करा.

आता भावांविषयी. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण उचलण्याबद्दल माझ्या घरची गोष्ट सांगते.

माझ्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही तिला समुद्रावर नेलं. भर भरतीची वेळ होती, आम्ही कुणी बघितलीच नव्हती. भाच्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चौघांनी चार पाय धरले आणि हसत-खिदळत वाळूवरून नेलं. सगळे म्हणत होते, बघा आजीची पालखी! मी तिच्या शेजारून चालत होते. तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर इतके आवळलेले, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. नऊवारीचा काष्टा सरकून गुडघा उघडा पडला होता आणि तो झाकायला तिला एक हात सोडवत नव्हता. समुद्रापाशी ती दहा मिनिटं बसली. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "मला बाजाराच्या पाटीसारखं नेलंत."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो, या खेपेला ओहोटी बघून, गोणपाट अंथरून. ओल्या वाळूवर पोचल्यावर ती म्हणाली, वॉकर द्या. अकरा पावलं चालली. थांबली आणि मान वळवून मागे बघितलं. वॉकरच्या रबरी टोपणांचे गोल ठसे, चार-चार, आणि त्यांच्यामध्ये तिची पावलं. बराच वेळ ती त्या ठशांकडेच बघत होती. समुद्राकडे नंतर बघितलं.

म्हणून भावांना सांगा, बाबा स्वतःहून "उचला" म्हणाले तर उचला, एरवी चटई टाका. "पुरे, इथेच थांबू" असं बाबा म्हणाले तर तिथेच थांबायचं, मग पाणी वीस पावलांवर का असेना. किती जवळ जायचं हे त्यांनी ठरवायचं.

पाण्यापाशी एक गोष्ट जिवाची आहे. लाट परत जाताना टाचेखालची वाळू काढून नेते. धट्ट्याकट्ट्या माणसाचाही तोल जातो, मग एका बाजूने अधू असलेल्याचं काय सांगावं. तेव्हा उभ्याने पाय बुडवणं नकोच. पाठ आणि हात असलेली, उंच बैठकीची खुर्ची न्या. शॅकमधले, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्यांमधले, आडवं पडायचे बाक इतके बुटके असतात की त्यांवरून उठता येत नाही. खुर्चीच्या पायांखाली फळी ठेवा, नाहीतर ती हळूहळू एका बाजूला खचते. व्हीलचेअरवरून या खुर्चीवर बसवताना ती बाबांच्या उजव्या, म्हणजे धड बाजूला ठेवा. ब्रेक लावा, काखेत हात घालून ओढू नका. डावा खांदा आधीच सैल असतो, तो दुखावतो. पाणी उतरत असताना खुर्ची लावायची आणि सर्वात लांब आलेल्या लाटेच्या रेषेवर पाय ठेवायचे. एक जण सतत खुर्चीमागे, फोटो काढायला नाही, धरायला. पाणी वळून चढू लागलं की निघायचं.

आता जे तुम्ही लिहिलं नाहीत, पण बाबांच्या मनात नक्की असेल. लघवी. बरीच वयस्क माणसं बाहेर जाणं टाळतात ती याच भीतीने, आणि निघालीच तर सकाळपासून पाणी पीत नाहीत. उन्हात, झटका येऊन गेलेल्या माणसाने असं कोरडं राहणं धोक्याचं. गावाकडच्या किनाऱ्यावर खुर्ची आत जाईल असं शौचालय मिळेल हे धरून चालू नका. औषधाच्या दुकानात पुरुषांसाठी झाकणाचं युरिनल मिळतं, ते गाडीत ठेवा, आणि मागच्या काचांना चादर लावायची सोय करा. हे त्यांना लेकीने सांगण्यापेक्षा मुलाने, एकट्याने, आदल्या दिवशी सांगावं. तुमचे भाऊ उचलायला पुढे झाले होते ना, त्यांना हे काम द्या, यालाही तेवढंच बळ लागतं. रक्तदाबाच्या गोळीने लघवी जास्त होत असेल तर त्या दिवशी वेळ मागेपुढे चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने गोळी चुकवू नका. आणि जेवण हलकं.

एक शेवटचं. तुमच्या पत्रात मला सारखी माफी मागितल्यासारखा सूर लागला, जणू बाबांना किनाऱ्यावर न्यावंसं वाटणं हा तुमचा हट्ट आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असं सांगतो. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअरसाठी थेट पाण्याजवळ जाणारी लाकडी वाट झाली. पुढच्याच महिन्यात वादळाने तिचं नुकसान केलं, पण अशी वाट बांधता येते हे तर दिसलं. पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, हजारो दिव्यांग माणसं येतात. मग आपल्या खेड्यातल्या किनाऱ्यावर हंगामापुरती पन्नास पावलांची फळ्यांची वाट का होऊ नये? पाहणीला जाल तेव्हा पावलं मोजून, फोटो काढून त्या गावच्या पंचायतीला एक अर्ज द्या. मराठीत, साधा, एका पानाचा. बाबांचं अक्षर अजून चांगलं असेल तर त्यांच्याच उजव्या हाताने लिहिलेला.

आज संध्याकाळी पंचांग काढा. तारीख बाबा ठरवतील, पाहणीला तुम्ही जा, आणि चटईचं भावांना आत्ताच फोन करून सांगा. लग्नसराई सुरू झाली की ती कुठल्याच मंडपवाल्याकडे मिळत नाही.